माणूस नसलेला फोटो

"मावशी, जरा आत बसता का?" कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता बद्रीनाथनं विचारलं.

छबुबाई ओट्यावर बसली होती. कॅमेऱ्याची तिपायी उभी राहताना पाहून ती मघाशीच आत गेली होती, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आली होती आणि डोक्यावरचा पदर दोन्ही कानांमागं नीट खोचून, हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. फोटोवाला दारात आला म्हणजे फोटो आपलाच निघणार, असं तिनं धरलं होतं. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. टेकवाडीत त्या दिवशी फोटो काढण्यासारखं दुसरं होतंच कोण?

"आत अंधार हाय की. फोटू कसा येईल?"

"तुमचा मागून काढतो. आधी घराचा काढायचाय. नुसत्या घराचा."

नुसत्या घराचा फोटो काढून कुणाला काय करायचं असतं, हे काही तिला उमगलं नाही. पण ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. बद्रीनाथनं पुन्हा भिंगातून पाहिलं. ओट्यावर तिची वाकळ पसरलेली होती, तांबड्या-पिवळ्या ठिगळांची. शेजारी काठी आणि पाण्याचा तांब्या. डोंगर, माळ, आभाळ सगळं सोडून नजर त्या ठिगळांवरच जात होती. त्यानं म्हातारीला परत हाक मारली आणि तेवढं सामानही आत घ्यायला सांगितलं. तिनं बाहेर येऊन वाकळ झटकली, घडी घातली, काठी-तांब्या उचलला आणि न कुरकुरता पुन्हा आत गेली.

आता ओटा अगदी मोकळा झाला. पलीकडं दूध सोसायटीची कुलूप लावलेली खोली, त्यापुढं बंद दारांची घरं आणि त्यांच्या मागं थेट बालाघाटाच्या कड्यापर्यंत गेलेला उघडा माळ. पाऊस दसऱ्याआधीच दगा देऊन गेल्यामुळं कुणी ज्वारी पेरलीच नव्हती. पेरली असती तर या दिवसांत कुठं तरी हिरवं दिसलं असतं. सूर्य कड्याला टेकला, उतरतं ऊन सगळ्या माळावरून सरपटत ओट्यापर्यंत आलं आणि बद्रीनाथनं बटण दाबलं. असा फोटो आजवर आपल्या हातून निघालेला नाही, हे त्याला पडद्यावर पाहायच्या आधीच कळलं.

बद्रीनाथचा स्टुडिओ केजच्या बसस्टँडमागं. आतल्या भिंतीवर अंबाजोगाईच्या एका पेंटरनं रंगवलेला पडदा होता, बर्फाच्या डोंगरांचा. खाली निळं तळं आणि तळ्यात हंस. केज तालुक्यातल्या नव्या जोडप्यांनी, दहावी पास झालेल्या पोरींनी, निवडून आलेल्या सरपंचांनी त्या बर्फासमोर उभं राहून फोटो काढून घेतले होते. जन्म गेला बद्रीनाथचा त्यांच्या हनुवट्या वर करण्यात. मग हातोहाती मोबाइल आले आणि बर्फासमोर उभं राहायला कुणी येईना. रिकाम्या स्टुडिओत बसल्या बसल्या त्याच्या मनानं घेतलं की एकदा तरी खरा डोंगर बघायचा. समोर कुणी उभं नसलेला. आणि कुणी काढायला सांगितलेला नाही असा एक फोटो काढायचा, जो आपलाच असेल.

पार वर, तिबेटाच्या शेजारच्या खोऱ्यात नामग्याल नावाचे एक फोटोग्राफर भर हिवाळ्यात शिबिर घेतात, हे त्याला फोनवर सापडलं. फक्त सहा जणांचं. जास्त माणसं आली की बर्फावर पावलंच पावलं दिसतात, असं त्यांचं म्हणणं. पाच जण ठरले होते, एक जागा उरली होती. आधी आपले जमिनीचे काही फोटो पाठवा, मग बघू, असं त्यांनी कळवलं. बद्रीनाथनं दुष्काळातले फोटो पाठवले. नामग्यालसाहेबांनी हिंदीतून सौम्यपणे सांगितलं, भाईसाहेब, तुमच्या प्रत्येक फोटोत कुणी ना कुणी उभा आहे. बद्रीनाथनं पुन्हा पाहिलं तर खरंच की. आटलेल्या विहिरीशेजारी माणूस, कारण त्याशिवाय खोली कळत नाही. चारा छावणीत प्रत्येक जनावराशेजारी मालक, कारण छावणी चालवणाऱ्या सोसायटीला तसाच पुरावा लागायचा. भेगाळलेल्या तळ्यातसुद्धा त्यानं कुणाला तरी नेऊन उभं केलं होतं.

केसरबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, या सगळ्याची गंमत वाटत होती. घरात आंघोळीचं पाणी जरा कोमट लागलं तर आरडाओरडा करणारा माणूस बर्फात निघाला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तरी तिनंच त्याच्यासाठी बाजारातून लोकरीची माकडटोपी आणून ठेवली होती.

माणूस नसलेली जमीन शोधायला बद्रीनाथला फार लांब जावं लागलं नाही. मांजरसुंब्याच्या पुढं डोंगरावरच्या वाड्या दसरा झाला की रिकाम्या होतात. कोयते घेऊन माणसं बायका-पोरांसकट पार कोल्हापूर, सांगलीकडच्या सहकारी कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. त्या साली तर एरवी मागं राहणारेही गेले. इकडच्या कारखान्याचा बॉयलरच पेटला नव्हता, उसाचं टिपरू नव्हतं. टेकवाडीत छबुबाई आणि शेजारचा आश्रुबा, एवढी दोनच जाणती माणसं राखणीला उरली होती. आणि आश्रुबा त्या दिवशी शेरडं घेऊन खाली उतरला होता.

फोटो मनासारखा निघाल्यावर त्यानं छबुबाईला बाहेर बोलावलं. दिवस मावळला होता, म्हणून फ्लॅश लावला. सवयीनं तिला हनुवटी वर करायला सांगितली.

"माझ्या मागं भिंतीला लावायला एक पाहिजे," ती म्हणाली. "ल्योक माझा, बंकट, म्हणलाय, कारखान्यावरून आलो की काढू. तवर कोण बघितलंय?"

बद्रीनाथला यात नवीन काही नव्हतं. मतदानाच्या कार्डावरच्या फोटोतून गेलेल्या माणसाची तसबीर करताना किती त्रास होतो, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मीच फ्रेम करून आणून देतो, असं त्यानं तिला कबूल केलं आणि गाडीला किक मारली.

जागा मिळाली. नामग्यालसाहेबांनी स्वतः फोन केला. अशी शांतता आमच्याकडंसुद्धा क्वचित सापडते, म्हणाले. त्यांनी तो फोटो शिबिराच्या पानावर टाकला, खाली टेकवाडी, जिल्हा बीड असं लिहिलं आणि हिंदीत नाव दिलं, 'खाली घर', म्हणजे रिकामं घर. मग काय, केजमध्ये फोटो या फोनवरून त्या फोनवर पळत सुटला. स्टुडिओची पायरी विसरलेल्या माणसांनीही अभिनंदनाचे फोन केले. कुणी चौकात बोर्ड लावायची भाषा केली. बद्रीनाथ नको नको म्हणत होता, पण मनातून फार सुखावला होता, आणि का सुखावू नये?

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो टेकवाडीला गेला. छबुबाईची तसबीर काचेत बसवून घेतली होती. आणि न राहवून त्या दुसऱ्या फोटोचीही मोठी प्रत सुरळी करून बरोबर घेतली होती.

छबुबाई ओट्यावर वाकळीवर बसून लसूण सोलत होती. तिनं तसबीर पदरानं पुसली आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "लई म्हातारी दिसाय लागली की मी," एवढं बोलून ती तिनं शेजारी ठेवली. बरी वाटली असावी. मग ते दुसरं काय आहे म्हणून सुरळीकडं बोट केलं. बद्रीनाथनं सुरळी उलगडून तिच्या हातात दिली.

हा फोटो तिनं हात लांब करून पाहिला. बराच वेळ पाहिला. घराच्या दारावरून, ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे मी गेल्यावरचं का?"

बद्रीनाथ हसला. नाही मावशी, त्याच दिवशीचं, तुम्ही आत होता की, असं म्हणाला. तिनं मान हलवली आणि लहान पोराला सांगावं तसं त्याला समजावून सांगितलं. माणूस गेलं की त्याच दिवशी त्याचं अंथरूण-पांघरूण घराबाहेर काढतात. त्याची काठी, तांब्या काही ठेवत नाहीत. जागा मोकळी करून सारवून घेतात. मग ओटा असाच दिसतो.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "स्वच्छ हाय. बंकटला मातर दावू नका. त्याला न्हाई सोसायचं."

बद्रीनाथनं सुरळी परत घेतली. ती नीट गुंडाळता येईना. फोटोखाली कुणी काय काय लिहिलं, ते त्यानं रोज हौसेनं वाचलं होतं. त्यातला एक मजकूर उसाच्या फडातून आला होता, ही तर आमचीच वाडी, असा. त्या वेळी त्याला केवढा आनंद झाला होता. आता वाटलं, बंकटही त्याच फडात असला तर? त्यानं खिशातून फोन काढला, पण टेकवाडीत रेंज कधीच नसायची.

त्याच वेळी खालच्या वळणावरून एक माणूस चढ चढून येताना दिसला. खांद्याला पिशवी होती. झपाझप येत होता, मधूनच पळत होता. दूध सोसायटीच्या खोलीपाशी आला, तिथून ओटा दिसतो. तो थांबला आणि होता तिथंच मातीत खाली बसला.

"कोण हाय ते?" छबुबाईनं डोळ्यांवर हात धरत विचारलं. लांबचं तिला नीट दिसत नव्हतं.

बद्रीनाथनं सुरळी पाठीमागं धरली. जरा वेळानं तो माणूस उठला, टॉवेलानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं आणि सावकाश चालत ओट्याशी आला.

"माय, पाणी हाय का?"

"बंकट? कावून आलास रं मधीच?"

"असंच. तहसीलला काम होतं."

ती लगबगीनं आत गेली. बंकट ओट्यावर टेकला आणि वाकळीचा कोपरा मुठीत धरून बसून राहिला. त्याच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. पाणी घेऊन आल्यावर छबुबाईनं मोठ्या कौतुकानं त्याला तसबीर दाखवली. ह्यांनीच काढला, फुकट फ्रेम करून दिली, म्हणाली. आणि हसत पुढं म्हणाली, "घराचा बी काढलाय ह्यांनी. मला म्हणले, आत बस. वाकळ सुदीक आत न्यायला लावली बघ."

बंकटनं तेव्हा पहिल्यांदा बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथला वाटलं, यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाकरी खाऊन बंकट लगेच उठला. बायको-पोरं फडातच होती आणि मुकादमानं दुसऱ्या दिवशी कामावर हजर राहायच्या बोलीवर सोडलं होतं. आईला तो एवढंच म्हणाला, काम झालं, निघतो. तिनं तसबीर कुठं लावायची ते विचारलं, तर आता लावू नको, पेटीत ठेव, म्हणाला. बद्रीनाथनं त्याला मांजरसुंब्यापर्यंत गाडीवर घेतलं.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका ढाब्याच्या सावलीत सोलापूरच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले, तेव्हा बंकटनं तुटक तुटक सांगितलं. काल संध्याकाळी फडाशेजारच्या झोपडीत, कोपीवर, कुणीतरी फोनमध्ये फोटो दाखवला. आश्रुबाचा फोन लावून लावून थकलो, लागला नाही. मग ट्रक, मग यष्टी, मग दुसरी यष्टी.

"मी तो फोटो काढून टाकायला सांगतो," बद्रीनाथ म्हणाला. "अन् जात बी न्हाई मी त्या शिबिराला."

"जावा की. तुमी काय मुद्दाम केलं का?" बंकट रस्त्याकडं पाहत म्हणाला. "फोटू चांगला हाय."

गाडी लांबून दिसली. बंकटनं पिशवी खांद्याला अडकवली, पण तो पुढं सरकला नाही.

"वाटंनं लई रडलो, भाऊ. लोकं इचारायची, सांगायचो, माय गेली. एका म्हातारीनं तर उतरंस्तोवर माझा हात धरून ठिवला." त्यानं टॉवेल पिशवीत कोंबला. "समदं रडून झालं माझं. आता खरंच जाईल ती, तवा काय करू मी?"