भट्टीतली बॅच

आता सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पटलंच तर स्वतःची तब्येत दाखवून या. मी चौथी नापास माणूस, पण एका इंग्रजी शब्दाचा अर्थ जाडजूड शब्दकोशात गेला तो माझ्या सांगण्यावरून.

परवा हेच मी पुतणीला सांगत होतो. ती माझी बॅग भरायला आली होती. भावाची एकुलती एक लेक, औषधांच्या गोदामात नोकरी, स्वभाव गोळ्यांसारखाच कडू पण गुणकारी. आल्या आल्या तिने पलंगाखालची बॅग ओढली, धूळ झटकली आणि म्हणाली, "काका, पुरे झालं एकट्याने राहणं. आमच्याकडे चला. खोली रिकामी करून ठेवलीये."

"एकटा कुठे गं? माझी बॅच येते की रोज."

"कसली बॅच?"

"बेकरीतली. हत्ती, चिमटा, मौनी. चारच्या सुमाराला येतात. बसतो, एकमेकांची उणीदुणी काढतो."

तिने घड्याळ पाहिलं. सव्वातीन. "ठीक आहे. चारपर्यंत थांबते. एक जरी आला तरी बॅग परत पलंगाखाली, पुन्हा हा विषय काढणार नाही. कोणी नाही आलं तर मुकाट्याने चलायचं."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा पाहिलं आणि म्हटलं, "मंजूर."

ही खोली बेकरीच्या वरची. बेकरी बंद होऊन नऊ वर्षं झाली. खाली आता मोबाइलचं दुकान आहे. पण थंडीत अनवाणी उभं राहिलं तर माझ्या तळपायाला फरशी अजून कोमट लागते. पुतणीच्या तळपायाला लागत नाही. तिने मोजे काढून पाहिलंय.

पाऊण तास काढायचा होता, म्हणून मी विचारलं, "बॅच म्हणजे काय, माहितीये का तुला?"

"रोज हजार खोक्यांवर वाचते. बॅच नंबर, खाली एक्स्पायरी."

"ते फार नंतरचं. ऐक."

आणि सांगितलं. एके दिवशी बेकरीत एक कोशवाला आला. जाड चष्मा, सगळे खिसे चिठ्ठ्यांनी फुगलेले, एका चिठ्ठीवर एक शब्द. म्हणाला, "कॉलेजातली पोरं म्हणतात आमची बॅच, कारखानेवाले म्हणतात मालाची बॅच. पण शब्द निघालाय तुमच्या भट्टीतून. भाजणे या अर्थाचं जुनं इंग्रजी क्रियापद आहे, त्यातून. एका वेळी भट्टीतून निघेल तेवढा पाव म्हणजे बॅच. पुस्तकात वाचलं, आता डोळ्यांनी बघायचंय."

"म्हणजे घाणा की!" हत्ती म्हणाला. हत्ती पीठ मळायचा. एकदा तो शिंकला तेव्हा तीन गल्ल्या पांढऱ्या झाल्या आणि लोकांनी धुकं समजून दिवे लावले.

"काका..." पुतणी म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस. मौनीने कणकेचे गोळे तोलले. तो तोलताना बोलायचा नाही आणि एरवीही नाही. मी ते भट्टीत लावले, एकमेकांना खेटून. कोशवाला विचारतो, खेटून का? म्हटलं, साहेब, गोळे फुगतात आणि शेजाऱ्याला टेकतात. जिथे टेकले तिथे कवच धरत नाही. मऊ राहतात, ओढून सुटे करावे लागतात. एखादा कोपऱ्यात एकटा पडला की चहूबाजूंनी कडक. तो दाताला लागतो. भट्टीतून पाव ओढायचं काम चिमट्याचं; त्याने तसा एक ओढून साहेबाच्या हातावर ठेवला. कोशवाल्याने ते सगळं, कच्चे गोळे चाचपून पिठाळलेल्या हातांनी, चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि तिथेच घोटाळा झाला."

"कसला?"

"चिठ्ठीला खमीर लागलं होतं. कोश छापून आला तेव्हा तीन बोटं जाड होता, सकाळी बघतात तर वीतभर! बांधणी उसवली. ब या अक्षरापासून फुगत गेला म्हणतात."

पुतणी हसली. हसता हसता तिने माझे दोन शर्ट घडी करून बॅगेत ठेवले. मग हात थांबवून म्हणाली, "काका, एका बॅचची एक्स्पायरी एकदमच येते."

"दोन-चार महिने मागेपुढे," मी म्हटलं.

चारला पाच कमी होते. जिन्यावर कोणी नाही. तिने टॉवेल घेतला, दाढीचं सामान घेतलं, उशीखालचा मफलर घेतला. मी बघत बसलो. बॅग भरायला किती थोडा वेळ लागतो!

तेवढ्यात कडी वाजली.

दारात चिमटा! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण दिसतो तिशीतला. भट्टीच्या उबेने कातडी ताणलेली राहते. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी, बगलेत वही. उतारवयात माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा.

"ये रे चिमट्या! किती उशीर?"

तो चपला काढून आत आला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. "चहा?" मी विचारलं. "अर्धा द्या."

पुतणीने त्याला नखशिखांत पाहिलं. "तुम्ही काकांबरोबर बेकरीत होता?"

"हो ना, ताई."

"काय काम करायचात?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी तिच्या पाठीमागून दोन्ही हातांनी ओढल्याची खूण केली.

"ओढायचो," तो म्हणाला.

"काय ओढायचात?"

"...हातगाडी?"

"पाव रे, पाव! वयोमानाने विसरतो बिचारा," मी घाईने म्हटलं आणि चहाचं आधण ठेवायला वळलो.

पाठीमागून पुतणीचा आवाज आला, पहिल्यापेक्षा बराच मऊ. "तुम्ही नेहमी येता का हो इथे?"

"दर महिन्याला, ताई. पंधरा तारखेला. पाच मिनिटांचं काम असतं, पण आजोबा तासभर सोडत नाहीत." मग खुर्चीतून पुढे वाकून, मला एकट्यालाच ऐकू जावं अशा बेताने, पण अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं त्याने विचारलं, "आजोबा, या खेपेला चिमटाच ना? मागच्या खेपेला हत्ती होतो म्हणून विचारलं."

चहा उकळून वर आला. मी गॅस बारीक केला नाही.

"काका," पुतणी म्हणाली, "म्हणजे तुमची अख्खी बॅच महिन्यातून एकदा मीटर बघायला येते?"