कुंडीतली पाटी

साहेबांचा हुकूम साधा होता. डोंगरउतारावरच्या पाहणीत सापडलेलं निळ्या फुलांचं झाड मुळासकट उपटायचं आणि उद्या समिती यायच्या आत बागेच्या काचघरात लावायचं.

"झाड बागेत सुखरूप आहे म्हटलं की उतार मोकळा," ते म्हणाले.

उतारावरचं जंगल तोडून तिथे विश्रामगृह बांधायचं की नाही, हे समिती ठरवणार होती. म्हणजे आम्ही झाड वाचवायचं, तेही जंगल तोडता यावं म्हणून! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी बागेची वनस्पतितज्ज्ञ. माझी नणंद रोपवाटिका सांभाळते. घरात आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, डोंगरावर मात्र एकाच दोरीची टोकं आम्हा दोघींच्या हातात असतात. दोरीनं जमिनीवर चौकोन आखायचा आणि आतलं सगळं नोंदवायचं, शेवाळ, बुरशी, कुजकं लाकूडसुद्धा. देखणं तेवढं वेचायचं नाही, ही आमची रीत. म्हणूनच कळलं होतं, की निळं फूल एका कुजक्या ओंडक्यातल्या बुरशीच्या जिवावर जगतंय. अख्ख्या उतारावर तेवढी एकच जागा. साहेबांनी हौसेनं डोंगरावरून आणवलेल्या आमरी, म्हणजे ऑर्किड, काचघरात महिन्याभरात माना टाकून बसल्या होत्या. त्यांच्या नावांच्या पाट्या अजून दिमाखात उभ्या आहेत.

ओंडक्यापाशी नणंदेनं खुरपं पुढे केलं.

"घे. नोकरी तुझी जाणार आहे, वहिनी."

"तुझीही जाईल."

"मग दिवसभर घरात तू आणि मी? त्यापेक्षा इथून उडी मारलेली बरी." असं म्हणाली खरी, पण खुरपं तिनं परत पिशवीत कोंबलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी समितीसमोर काचघरातलं फडकं ऐटीत बाजूला केलं. कुंडी, माती आणि झाडाच्या नावाची पाटी. बाकी काही नाही.

"हा काय पोरखेळ आहे?" साहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"तुम्ही मागितलेलं झाड," मी म्हणाले. "महिन्याभरानं असंच दिसलं असतं. मी फक्त मधला महिना गाळला."

"चाव्या ठेवा आणि चालू लागा!"

मी चाव्या कुंडीतल्या मातीत खोचल्या. नणंदेनं आपल्याही शेजारी ठेवल्या. मी दोरी खांद्यावर टाकली आणि समितीकडे वळले.

"जंगल तोडायचंच असेल तर आधी बघा, मग तोडा. झाड वर त्याच्या घरी आहे. आम्ही नेतो."

मग समितीच्या प्रमुख बाईंनी आपल्या नाजूक सँडलकडे पाहिलं.

"चढायला बूट मिळतील का?"

"आहेत ना," नणंद म्हणाली. "साहेबांचे. अगदी कोरे आहेत."