माझ्या पोटातलं शिसं

मी एक जुना बाट आहे. बाट म्हणजे तराजूच्या पारड्यात ठेवायचं लोखंडी वजन. नंदुरबारच्या मिरची बाजारात आम्हाला याच नावाने हाक मारतात. माझ्या पाठीवर ठसठशीत दहाचा आकडा कोरलेला आहे आणि त्याचा मला आजही थोडा गर्व आहे. थोडा म्हणजे बराच.

मित्रांनो, एका भट्टीत मला ओतलं आणि माझ्या पोटात एक खळगा ठेवला. कमी पडलेलं वजन भरून काढायला त्या खळग्यात शिसं ओतलं. वजनमापे खात्याच्या साहेबांनी त्यावर शिक्का मारला आणि उमेदमलशेठांनी मला दुकानात आणलं. चाळीस वर्षं मी त्यांच्या तराजूत बसलो. पथारीवरून, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या मैदानावरून, वाळून आलेल्या लाल मिरच्यांनी माझं अंग तिखट होऊन जाई. शेठ मला रोज फडक्याने पुसत आणि समोरच्या माणसाला सांगत, "मन्हा बाटमा खोट नही!" ते ऐकून माझी छाती फुगे.

मग दुकानात एक डबा आला. लाल आकडे दाखवतो, विजेवर चालतो आणि वीज गेली की डोळे मिटतो. त्याने माझी जागा घेतली. मी दाराला टेकण म्हणून जमिनीवर आलो. कोणीही लाथेने मला इकडून तिकडे सरकवी. असाच एकदा मी पायरीवरून गडगडलो आणि पोटातलं शिसं निखळून गटारात गेलं. कोणी पाहिलं नाही. मी मात्र जाणून होतो. पण पाठीवर दहा कोरलेलं असताना आपण हलके झालो असं कोण सांगेल? मी मूग गिळून गप्प बसलो.

दुकानासमोर मयूरीचं गॅरेज आहे. मयूरी कळसाडीची. तिच्या वडिलांनी, धुडकूभाऊंनी, तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर गॅरेज चाललं नाही तर कुलूप लावायचं आणि गावी परतायचं. दिवाळी दोन आठवड्यांवर आली आणि शेठांचा मुलगा महावीर आपली लाल स्पोर्ट्स कार घेऊन तिच्या दारात उभा राहिला. शेठांनी सांगून टाकलं होतं, ही गाडी नीट झाली तर दुकानाच्या बाराही टेम्पोंचं काम मयूरीला.

त्या गाडीचं दुखणं मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियल नावाच्या पेटीत होतं. साध्या गाडीत एक चाक खडीवर घसरलं की तेच गरगर फिरतं आणि दुसरं चाक बघत बसतं. या गाडीच्या पेटीत चकत्या असतात. त्या एकमेकींना दाबून धरतात, त्यामुळे ताकद दुसऱ्या चाकालाही मिळते. पण त्या चकत्यांना तेल त्यांच्या पसंतीचंच लागतं. कोणीतरी साधं गिअर ऑईल भरलं, म्हणून वळणावर खडखड व्हायला लागली. ती घालवायला महावीरने घसरणीच्या औषधाची, म्हणजे चकत्या आवाज न करता सरकाव्यात म्हणून तेलात थेंबाथेंबाने घालतात त्याची, अख्खी बाटली आत ओतली. खडखड गेली आणि पकडही गेली. तोरणमाळच्या घाटात गाडी खडीवर जागच्या जागी चाक फिरवत राहिली.

"आवाज ते बंद व्हयी गया व्हता," महावीर म्हणाला.

"आवाज बंद व्हना म्हंजे दुखनं बरं व्हनं का, भाऊ?" मयूरीने विचारलं.

तिने सगळं तेल काढलं, झिजलेल्या चकत्या बदलल्या. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल आणलं आणि औषध मापानेच घातलं. बाजाराच्या मोकळ्या पटांगणात इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवली, म्हणजे तेल चकत्यांमध्ये मुरेल. मग पकड मोजायची वेळ आली. एक मागचं चाक उचलून काढायचं, तिथे मीटरभर लांबीची पट्टी आडवी बसवायची आणि टोकाला दहा किलो टांगायचे. पट्टी खाली गेली तर पकड कमी. मोजायचं महागडं हत्यार तिच्याकडे नव्हतं. शेठ मोठ्या रुबाबात म्हणाले, "मन्हा बाट ली जाय!"

किती वर्षांनी मला कोणीतरी दोन्ही हातांनी उचललं!

चार व्यापारी बघायला आले. मयूरीने मला टांगलं. पट्टी हलली नाही. टाळ्या पडल्या. शेठ सगळ्यांकडे बघून मिश्यांत हसले. महावीरने चावीसाठी हात पुढे केला. मयूरीने मला उतरवलं आणि तिची बोटं माझ्या पोटातल्या खळग्यात गेली.

ती थांबली. तेव्हा मला भीती वाटली, मित्रांनो. माझ्यासाठी वाटली आणि तिच्यासाठीही. गप्प राहिली असती तर बारा टेम्पो तिचे होते.

"शेठजी," ती म्हणाली, "खालनं शिसं पडी जायेल शे. हाऊ बाट दहाना नही. गाडी आज देता येवाव नही."

शेठांचा चेहरा उतरला. "चाळीस वरीस ह्या बाटवर मिरची मोजी मी. कोनी बोट उचलं नही. आते तू चार लोकेसमोर खोट काढस?"

ती मान खाली घालून उभी राहिली, पण शब्द मागे घेतला नाही. शेठांनी मला छातीशी धरलं, रस्ता ओलांडला आणि त्या लाल आकड्यांच्या डब्यावर ठेवलं. ज्याला तो आल्यापासून मी नावं ठेवली त्यानेच माझं खरं वजन सांगितलं. नऊ किलो सहाशे चाळीस ग्रॅम.

कोणीतरी हसलं. शेठ हसले नाहीत. त्यांनी स्वतः तीनशे साठ ग्रॅम मिरच्या मोजल्या, पिशवीत घातल्या, माझ्या कडीला बांधल्या आणि मला परत गॅरेजमध्ये आणलं. मयूरीने टांगलं. पट्टी हळूहळू खाली गेली.

"राहू दे गाडी," शेठ महावीरला म्हणाले. "पोरगी खरं बोलनी."

दोन दिवसांत मयूरीने पेटी पुन्हा खोलली, चकत्या आणखी घट्ट दाबल्या जाव्यात म्हणून त्यांच्यामागे आधीपेक्षा किंचित जाड वॉशर बसवला. मिरच्यांची पिशवी बांधून मला पुन्हा टांगलं. या वेळी पट्टी ताठ राहिली. महावीर तोरणमाळला जाऊन आला आणि येताना धुडकूभाऊंना कळसाडीहून सोबत घेऊन आला. गॅरेजसमोर शेठांचे टेम्पो रांगेत उभे होते. धुडकूभाऊंनी ते बोटाने एकेक करून मोजले. कुलपाचा विषय त्यांनी काढला नाही.

मयूरी शेठांना म्हणाली, "शिसं भरी लेऊ का यान्हामा?"

शेठांनी मान हलवली. "नको. जितलं शे तितलं लिखी टाक."

तिने पांढऱ्या रंगाने दहावर काट मारली आणि खाली लिहिलं, ९.६४०. मला वाटलं होतं, लाज वाटेल. पण चाळीस वर्षांत नसेल इतकी त्या दिवशी माझी छाती फुगली.

आता मी गॅरेजच्या फळीवर असतो आणि शेठ अधूनमधून येऊन मला फडक्याने पुसतात. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला पुसा, गंजू देऊ नका आणि दर दिवाळीला एकदा त्या डब्यावर ठेवा. आकडा कमी झालेला दिसला तर जुना खोडून नवा लिहा. मी रागावणार नाही.