उन्हात वाळवलेली ढेप

एस.टी.त मी एकतीस वर्षं कंडक्टर होतो. ओरडून बोलायची सवय तिथलीच. आता घरात ओरडायला कोणी उरलं नाही. माझी बायको भागिरथा तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा धम्मपाल पुण्याला नोकरीत, रविवारी फोनवर "जेवले का बाबा?" विचारतो आणि मी हो म्हणतो. शेवटी मेडशीजवळच्या शेतात राहायला आलो आणि शेततळ्यात रोहू-कटला सोडले.

तिकिटं पंच करायचा जुना चिमटा माझ्याकडे होता. तिकिटांची मशीन आली तेव्हा तो डेपोत जमा करायचा होता, मी केला नाही. तळ्याकाठच्या लोखंडी पाइपावर तो टिकटिक वाजवला की मासे तोंडं उघडून वर यायचे. रिसोडच्या बाजाराला गाडी लागावी तशी झुंबड. "मांगं सरका, सगळ्यायले भेटते," मी म्हणायचो. हसायचं तर हसा, पण दिवसभरात माझं ऐकणारे तेवढेच होते.

नाही, हिरालालही होता. बांधापलीकडे त्याची वांगी आणि मेथी. चार वाजता चिमटा वाजला की तोही यायचा, "मी बी तुया मासाच हाय गड्या" म्हणायचा आणि बशीत ओतून चहा प्यायचा.

पावसाळ्यात टिनाचं शेड गळलं आणि माशांच्या खाण्यासाठी आणलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेची, म्हणजे पेंडीची, सहा पोती भिजली. हिरवी बुरशी धरली. फेकायला हात होईना. भागिरथा काही फेकू देत नसे. डाळ असो, मिरची असो, बुरस आला की उन्हात. "ऊन दाखोलं का सारं साजरं होते," म्हणायची. पोळ्यानंतर उघडीप पडली तशी मी ढेप ताडपत्रीवर पसरली, बुरशी घासून काढली, तीन दिवस ऊन दिलं. वाससुद्धा गेला, मग तीच रोज तळ्यात टाकू लागलो. तिच्या पद्धतीनं केलं म्हणून मला फार बरं वाटलं होतं.

दिवाळीनंतर मासे उशिरा येऊ लागले, मग कमी येऊ लागले. रोज सकाळी दोन-तीन उलटे तरंगत, पोटं फुगलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं. हिरालाल वांग्यांवर फवारत होता. मी बांधावर जाऊन सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडलो, "तुया जहरानं माये मासे मेले! मुद्दाम करून राह्यला तू. खुपतात तुया डोयात!"

त्यानं पाठीवरचा पंप खाली ठेवला. "तुयं तळं चढावर हाय पुंजाजी. मायं पानी वर चढते काय?"

"मले नको शिकवू! या बांधावर पाय ठेवू नको पुन्हा."

त्यानं ठेवला नाही. राग होता तोवर मला काही वाटलं नाही. आठ दिवसांत राग संपला आणि चार वाजणं मात्र रोज होतं.

मंगरूळपीरहून मत्स्य विभागातली स्नेहा आली. धम्मपालहूनही लहान, एवढीशी पोरगी. तिनं मासा कापला. कल्ले पांढुरके, काळीज पिवळं आणि सुजलेलं.

"काका, खायला काय देता?"

"ढेप. बुरस आला होता, पण उन्हात घालून साफ केली."

ढेपेचा तुकडा तिनं हातावर फोडला. "बुरशी जाते काका. तिनं सोडलेलं जहर उन्हानं जात नाई. ते दिसत नाई, त्याचा वास येत नाई, हयूहयू काळीज नासवते. तपासायले पाठोते मी, पन मले तर हेच वाटते. ढेप पुरून टाका. मी सांगेपर्यंत काईच टाकू नका."

मी भडकलो. "मायी बायको चाळीस वर्सं असंच करे. कोन मेलं?"

"तुमी रोज तेच खात नव्हते ना काका," ती हात धुता धुता म्हणाली. "या माशायले दुसरीकडं कुठं जाता येते?"

ती गेल्यावर मी खड्डा खणून ढेप पुरली आणि बांधावर गेलो. हिरालाल मेथीच्या जुड्या बांधत होता.

"चुकलं मायं, हिरालाल. ढेपच खराब होती. मीच मारले."

"बरं," तो म्हणाला. मान वर केली नाही.

"चारले चहा ठेवतो. येजो."

त्यानं पुढची जुडी घेतली.

चार वाजता दोन कप भरले आणि चिमटा वाजवला. मेथीतली वाकलेली पाठ क्षणभर थांबली. मग हात पुन्हा चालू झाले. मी आणखी वाजवला. दुसऱ्या कपावर साय आली तरी वाजवत राहिलो.

खाली पाहिलं तर मासे आले होते. खंगलेले, हळूहळू, पण होते नव्हते तेवढे सगळे आले होते. ज्यांना मी जहर चारलं ते माझ्या रिकाम्या हाताकडे तोंडं उघडून बघत होते.

"आज काई नाई बाप्पा हो," मी म्हणालो. "मांगं सरका."

कोणी सरकलं नाही.