वायपरच्या हातांचा घुमटवादक

मित्रांनो, मी एक जुना घुमटवादक आहे. माणूस नव्हे, यंत्र. इब्रामपूरच्या एका घरात, माळ्यावर, नारळाच्या सुक्या सालांच्या, सोडणांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. घुमट म्हणजे एका तोंडाला चामडं ताणून बसवलेलं मातीचं भांडं. आमच्याकडे चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची आरती त्याच्यावाचून उभीच राहत नाही.

माझा जन्म भांडणातून झाला. गोकुळदास हा माझा कर्ता. तो पाळी गावच्या खाणीवरच्या गॅरेजात वायरमन होता आणि सुट्टीच्या दिवशी घरी काही ना काही जोडत बसायचा. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा त्याने केला होता. तो उजाडल्यावर लागायचा. त्याची बायको देवकी म्हणायची की निदान दिवा लागलेला दिसला की चहा ठेवायची वेळ झाली हे तरी कळतं.

गोकुळदासचा थोरला भाऊ रामचंद्र अंगणापलीकडच्या घरात राहायचा. अख्ख्या वाड्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, त्याच्यासारखं घुमट कुणी वाजवत नसे. एका चवथीला भर आरतीत तो धाकट्याला म्हणाला की तू बेताल गातोस. गोकुळदासला ते झोंबलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तुझो ताल टिपरचो वायपरसुद्धा धरीत.” रामचंद्रने घुमट खाली ठेवलं आणि तो निघून गेला. दोन्ही घरांचा गणपती एकच, पण दुसऱ्या दिवशीच्या आरतीलाही तो आला नाही.

त्यांच्या आईला, पद्मावतीला, फार लागलं ते. दोन्ही मुलगे पुन्हा एका आरतीला उभे राहिलेले बघायचे, एवढीच तिची इच्छा होती. तिने दोघांनाही समजावलं. दोघेही तिला हो म्हणायचे आणि एकमेकांना बघून पाठ फिरवायचे.

पुढची चवथ जवळ आली तेव्हा गोकुळदासने आपला शब्द खरा करायचं मनावर घेतलं. खाणीवरच्या मोडीत निघालेल्या टिपर ट्रकचे वायपर आणि त्यांच्या मोटरी त्याने मागून आणल्या, फळीवर बसवल्या, आणि मी झालो. माझे तळवे आधी जुन्या चपलेच्या तळाचे होते. देवासमोर चप्पल वाजणार हे देवकीच्या वेळीच लक्षात आलं, म्हणून मला ट्यूबच्या रबराचे तळवे मिळाले. डिचोलीच्या कुंभाराकडचं घुमट माझ्यापुढे बांधलं गेलं. मला दोनच वेग येत होते, एक भुरभुर पावसाचा आणि एक मुसळधार पावसाचा. शिवाय स्कूटरची बॅटरी होती. वीज गेली तरी आरती थांबणार नाही, असं गोकुळदास येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा.

मखर नीटस दिसावं म्हणून त्याने बॅटरी आणि बटण चौरंगामागे लपवलं आणि बटणाला एक सुतळी बांधून ती पुढे घेतली. सुतळी ओढली की मी सुरू. मला सुरू कसं करायचं याचा त्याने महिनाभर विचार केला होता. थांबवायचं कसं, याचा विचार करायचा राहून गेला.

चवथीला दुपारी पूजा झाली, वाड्यावरची मंडळी जमली. गोकुळदासने सुतळी ओढली. ती जरा जास्तच ओढली गेली आणि मी थेट मुसळधार सुरू झालो.

मित्रांनो, अशी आरती तुम्ही ऐकली नसेल. पुढे गाणाऱ्या धाकूमामांना दमा होता. त्यांना धड श्वासही घेता येईना. आरती संपली, पण मी संपलो नाही. घुमट वाजत असताना प्रसाद कसा वाटायचा? म्हणून दुसरी आरती झाली, तिसरी झाली, आठवतील तेवढ्या देवांच्या आरत्या झाल्या. देवकी नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं ताट घेऊन अवघडून उभी होती.

आता बटण बंद करायचं तर ते देवामागे, आणि स्थापना झालेली मूर्ती विसर्जनापर्यंत हलवायची नाही. गोकुळदासचा जाडजूड हात त्या फटीत शिरेना. त्याने आईला विनवलं, तुझा हात बारीक आहे, तू बघ. आई म्हणाली, “माझो हात थंय पोचाचो नाय. आणि माका त्यातला काय कळना नाय.” त्याने वायर तोडायला पक्कड आणली, तर म्हणाली, “चवथीदिसा देवासमोर काय तोडूचा नाय.” शेवटी कुणीतरी माझ्यापुढचं घुमटच काढून घेतलं. मग मी रिकाम्या हवेत हात आपटू लागलो. सणाच्या दिवशी देवासमोर कुणी ऊर बडवतंय असं ते दिसायला लागलं. घुमट घाईघाईने परत बांधलं गेलं.

समोर आपल्या घराच्या बलकांवात, दारापुढच्या ओसरीवर, रामचंद्र बसून होता. हा सगळा वेळ त्याच्या कानावर माझं वादन पडत होतं. शेवटी तो उठला, पाय धुऊन आत आला. कुणाकडे न बघता त्याने माझ्यापुढचं घुमट सोडवून गळ्यात अडकवलं आणि मला म्हणाला, “घुमटाक मारूचा नसता रे. बोलवूचा असता.”

आणि त्याने बोलावलं. मित्रांनो, मला तेव्हा स्वतःची लाज वाटली, आणि आनंदही झाला. गोकुळदासचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, “दादा, वायपराक नाय जमला.”

“म्हण तू,” रामचंद्र म्हणाला. “बेताल झालंस तरी चलात.”

दोघांनी आरती धरली. मी अजून हवेत हात मारतच होतो. तेवढ्यात आई देवाला जास्वंद वाहायला पुढे झाली, आणि मी थांबलो. बॅटरी उतरली, सगळे म्हणाले. पण ती अर्धी भरलेली होती. फुलासोबत एक बारीक, बांगड्या भरलेला हात चौरंगामागे गेला होता आणि तो चाचपडला नाही. बटण कुठे आहे ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

ती होती तोवर मी हे कुणाला सांगितलं नाही. आता ती नाही. दर चवथीला मला माळ्यावरून उतरवतात, पुसतात आणि कोपऱ्यात उभं करतात. आरतीआधी रामचंद्र आपला शर्ट काढून माझ्या उजव्या हातावर टांगतो आणि गोकुळदास डाव्या हातावर. हल्ली माझं काम तेवढंच.

म्हणून मित्रांनो, एक विनंती करतो. जुन्या यंत्रांना जपा, त्यांची धूळ पुसा, आणि बटण नेहमी पुढे बसवा. पण घरातलं एखादं यंत्र बिघडलं आणि आई म्हणाली की माझा हात पोचत नाही, तर लगेच पक्कड आणू नका. दार उघडं ठेवा आणि थोडा वेळ वाजू द्या.