एका ठिपक्यावरचा डोंगर

वादळ ओसरलं, तरी शिनचू शहरातल्या त्या कारखान्यात कुणी जेवायला उठलं नव्हतं. यूचेनचे वडील आयू नावाच्या रानवेलीची फळं उतरवायला डोंगरात गेले होते आणि दरडी कोसळल्यापासून त्यांचा पत्ता नव्हता. त्यांचा शेवटचा फोन मोबाइलच्या जाळ्यातल्या कुठल्या पेटीतून गेला, एवढं कळलं होतं. ती पेटी कोणत्या खोऱ्यात आहे हे सांगितलं, की शोधपथक तिकडे निघणार होतं.

खांबांवरच्या या जाळ्याच्या पेट्या हाच कारखाना बनवायचा. पेटीने स्वतःविषयी काय काय सांगायचं, ते यूचेन ठरवायची. तिने नकाशा उघडला. डोंगर मोकळा, दऱ्या मोकळ्या. सगळ्या पेट्या एकाच ठिपक्यावर, गुळाला मुंग्या लागाव्यात तशा. ठिपका त्यांच्याच इमारतीचा.

शेजारच्या टेबलावरच्या त्सायने ते पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

'ठिकाण' हा रकाना यूचेनने सक्तीचा केला होता. तो भरल्याशिवाय पेटी सुरूच होत नसे. तेव्हा त्साय म्हणाला होता, राहू दे रिकामा. भर पावसात खांबावर लोंबकळणारा माणूस खाली उतरायच्या घाईत काहीही लिहील. "दादा, तुझ्या घराला तरी पत्ता आहे ना?" असं तिने विचारलं आणि सगळे हसले होते. पुढे डोंगरावरच्या माणसांनी हाताशी होता तो पत्ता लिहिला, खोक्यावर छापलेला, कारखान्याचा.

"रिकामा असता, तर कुणी विचारायला तरी गेलं असतं," यूचेन म्हणाली.

"आता नको ते, पोरी."

त्या पेट्या बसवणारी टोळी केव्हाच पांगली होती. कुणाला काही आठवत नव्हतं. नकाशाच्या यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्यावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट ताजंच होतं. यंत्र गुणीच होतं बिचारं. सांगितलं तेवढं ऐकत आलं होतं.

पथकाचा फोन आला. "ताई, खोरं कोणतं?"

नकाशाप्रमाणे बाबा इथेच होते, या इमारतीत. जिन्यात उभे असावेत तसे.

"माहीत नाही."

पलीकडचा माणूस ओशाळून म्हणाला, "काहीतरी सांगा, ताई. खोरं लिहिल्याशिवाय इथून गाडी सुटत नाही."

यूचेनने डोळे मिटले. लहानपणी बाबांच्या तोंडून ऐकलेलं एका खोऱ्याचं नाव ओठांवर आलं, तेच तिने सांगून टाकलं.