माझा श्वास बेतानेच घ्या

मित्रांनो, माझ्या नळ्या पाहून घाबरू नका. मी एक जुना व्हेंटिलेटर आहे, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना श्वास देणारे यंत्र. पुसून पुसून माझा रंग उडाला आहे, एक चाक कुरकुरते, पण काम अजून चोख आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होतो. बाळांच्या आया जाता जाता माझ्यावर मायेने हात ठेवायच्या. पुढे कळले की माझ्या उपकारात एक खोट आहे. या बाळांची फुप्फुसे पुरती तयार झालेली नसतात. मी जोराने हवा भरली तर ती दुखावतात, ऑक्सिजन जास्त दिला तर आतून होरपळतात. मग एखादे बाळ पुढे कितीतरी वर्षे धापा टाकत राहते. तेव्हापासून माझा जीव सदा टांगणीला असतो.

परवा एक मुलगी आली. तळहातावर मावेल एवढी, म्हणून सिस्टर तिला गमतीने पैलवान म्हणू लागल्या. आईला जंतुसंसर्ग झाला आणि ही फार लवकर जन्मली. डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसांत औषध सोडले आणि त्या म्हणाल्या, "हिला यावरून लवकर काढायचंय. जितके दिवस यावर, तितका धोका जास्त." यावर म्हणजे माझ्यावर. मला फार लागले, पण खरे तेच होते.

तिचे बाबा वेल्डर. पडद्यावर तिच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा शंभराच्या खाली घुटमळे आणि त्यांचा जीव खालीवर होई. सिस्टर शेजारच्या बाळाकडे वळल्या तेवढ्यात, सिलिंडरच्या चाव्या फिरवण्यात मुरलेल्या त्यांच्या हाताने माझी ऑक्सिजनची कळ पूर्ण फिरवली. मला ओरडता येईना. मी भरभरून ऑक्सिजन सोडत राहिलो. आकडा चढला, बाबांचा चेहरा खुलला, आणि मी भीतीने गारठलो. नशीब, आकडा ठरलेल्या हद्दीवर जाताच मॉनिटर किंचाळला. सिस्टरनी धावत येऊन कळ मागे घेतली.

"अहो, काय केलंत हे?"

"आकडा कमी होता, सिस्टर. माझ्या पोरीला कमी का म्हणून द्यायचं?"

"कमी नाही, बेताचं देतोय. ज्योतीत ऑक्सिजन जास्त झाला की तुमच्या पत्र्याचं काय होतं?"

बाबांचे तोंड उतरले. "जळतो," ते पुटपुटले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पैलवानाच्या घशातली माझी नळी काढून नाकाला छोटी नळी लावली. मला बाजूला सरकवले, पण चालूच ठेवले. तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आई वाकून म्हणत होती, "घे गं बाई, घे श्वास." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी मनात म्हटले, नको, इतक्यात मला परत लावू नका! हळूहळू बरगड्या जरा शांत झाल्या.

अजून ती दमते, आणि माझी धास्ती गेलेली नाही. घरी गेल्यावर तिच्याजवळ कुणी सिगारेट पेटवेल का? सर्दी झालेला पाहुणा तिला कौतुकाने छातीशी धरेल का? मी तिथे नसेन, म्हणून तुम्हाला सांगतो, तिच्या हवेला जपा. आणि मित्रांनो, गरज पडली तर मला जरूर ओढत आणा, मी जीव तोडून श्वास देईन. पण तिला स्वतःचा श्वास जमू लागला की मला तिच्यापाशी घडीभरही थांबू देऊ नका. मला तिचा फार लळा लागला आहे.